वखारीतून आलेलं नाव : हाउस संगीताचे उपप्रकार कुठे मिसळतात, कुठे वेगळे राहतात

मागच्या वेळी आपण लक्षण कसं करावं, म्हणजे एखाद्या गोष्टीची व्याख्या कशी बांधावी, यावर बोललो. शेवटी प्रश्नोत्तरांत एका मुलानं विचारलं, "मॅडम, डीप हाउस आणि टेक हाउस यांतला फरक मला सांगता येत नाही, पण ऐकला की कळतो. असं कसं?" मी त्याला म्हटलं, पुढच्या व्याख्यानाला ये. सांगता येत नाही पण ऐकलं की कळतं, हे वाक्य तत्त्वज्ञानाच्या माणसाला सहजासहजी सोडत नाही. मधल्या काळात मी बरंच ऐकलं, बरंच वाचलं. शेजाऱ्यांनी समजून घेतलं. (हशा)

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. तो डीजे आपला विषय नाही. इथे डीजे म्हणजे माणूस. दोन तबकड्या, मधे मिक्सर, कानाला हेडफोन, समोर नाचणारी माणसं. तो दोन तास, चार तास, कधी रात्रभर, मधे न थांबता एका तबकडीतून दुसरी काढत जातो. त्या अखंड प्रवाहाला सेट म्हणतात. आणि 'अंडरग्राउंड' म्हणजे लपूनछपून चालणारं असं नव्हे. जे रेडिओवर फारसं वाजत नाही, थोड्या प्रती छापून विकलं जातं आणि मुख्यतः नाचाच्या जागीच ऐकलं जातं, ते.

आता 'हाउस' हे नाव कुठून आलं ते बघा, कारण आजचा निम्मा विषय तिथेच आहे. १९७७ साली शिकागोत साउथ जेफर्सन स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत 'द वेअरहाउस' नावाचा क्लब सुरू झाला. वेअरहाउस म्हणजे वखार. तिथे येणारी मंडळी मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही बरीच समलिंगी. इतर ठिकाणी ज्यांना दारातच अडवलं जाई, अशी. तबकड्या लावायला न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स आला. तो काय वाजवत असे? हाउस नव्हे. हाउस तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. तो डिस्को वाजवी, फिलाडेल्फियाचं सोल वाजवी, इटली आणि जर्मनीतून आलेलं सिंथेसायझरचं संगीत वाजवी. लोक दुकानात जाऊन विचारत, "वेअरहाउसमध्ये वाजतं ते आहे का?" दुकानदारांनी तशा पाट्या लावल्या. पुढे 'वेअर' गळलं आणि 'हाउस' उरलं.

म्हणजे काय झालं? हे नाव आधी एका प्रकारच्या तबकडीचं नव्हतं. ते एका जागेचं, एका माणसाच्या सेटचं नाव होतं. निरनिराळ्या घराण्यांतल्या तबकड्या एका रात्रीत शेजारी आल्या आणि त्या शेजाराला नाव मिळालं. सेट आधी, प्रकार नंतर. आज आपण उलट समजतो, की प्रकार आधीपासून ठरलेले असतात आणि डीजे ते 'मिसळतो'. इतिहासात तसं नाही.

मधे १२ जुलै १९७९ ला शिकागोतच, कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकारानं डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटानं उडवून देण्यात आला. लोक मैदानात घुसले आणि पुढचा सामनाच रद्द झाला. त्या संध्याकाळी मैदानावर लोकांना जागा दाखवण्याचं काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे १९८४ साली जेसी सॉन्डर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' ही पहिल्या हाउस तबकड्यांतली एक काढतो. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला, पण शिकागोत नाचणारे लोक होतेच. मग पोरांनी ड्रम मशीन घेतली आणि घरच्या घरी तबकड्या बनवायला सुरुवात केली. वाद्यवृंद गेला, ठोका राहिला.

आता त्या ठोक्याकडे येऊ. चार मात्रांचं आवर्तन धरा. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा एक जाड ठोका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. दोन ठोक्यांच्या बरोबर मधे झांजेचा 'त्स'. लय साधारण मिनिटाला १२० मात्रा, थोडी इकडे-तिकडे. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, एक आवर्तन दोन सेकंदांचं. ही आवर्तनं आठ-आठ, सोळा-सोळाच्या गटांत बांधलेली असतात. सोळा आवर्तनं म्हणजे बत्तीस सेकंद. तबकडीच्या सुरुवातीला आणि शेवटी बहुधा नुसता ठेका ठेवलेला असतो, गाणं नाही, स्वर नाहीत. ऐकणाऱ्याला तो भाग कंटाळवाणा वाटतो. पण तो ऐकणाऱ्यासाठी नाहीच मुळी. तो पुढच्या तबकडीसाठी मोकळा ठेवलेला ओटा आहे.

डीजे करतो काय? एक तबकडी लोकांना ऐकू येते आहे. दुसरी तो हेडफोनमध्ये ऐकतो, तिची गती पहिलीशी जुळवतो, पहिलीतला सोळा आवर्तनांचा गट संपायची वाट पाहतो आणि नेमक्या समेवर दुसरी सोडतो. पण तिचा खालचा आवाज, म्हणजे बास ड्रम आणि बासचा खर्ज, मिक्सरवर बंद ठेवून. कारण दोन खर्ज एकदम वाजले की नुसता गदारोळ होतो. मग काही आवर्तनं दोन्ही बरोबर चालतात. पहिलीचा खर्ज, दुसरीच्या झांजा. आणि एका क्षणी तो पहिलीचा खर्ज बंद करतो आणि दुसरीचा उघडतो. नाचणाऱ्यांना पायांत कळतं की घर बदललं. पहिलीचे वरचे स्वर अजून रेंगाळत असतात, पण जमीन दुसरीची झालेली असते.

हा जो एक-दोन मिनिटांचा काळ आहे, ज्यात दोन तबकड्या एकमेकींवर पसरलेल्या असतात, तीच आपली प्रयोगशाळा. उपप्रकार कुठे मिळतात आणि कुठे वेगळे राहतात हे बघायला याहून चांगली जागा नाही.

पण आधी व्याख्येचा मार्ग चोखाळून बघू. आपल्या नैयायिकांनी व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत. 'गाय म्हणजे तपकिरी जनावर' म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगांचं जनावर' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एका खुराचं जनावर' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता म्हणा, हाउस म्हणजे प्रत्येक मात्रेवर ठोका. डिस्को आत आलं, टेक्नो आलं, हणजुणच्या किनाऱ्यावर वाजणारा गोवा ट्रान्सही आला. अतिव्याप्ती. म्हणा, डीप हाउस म्हणजे मऊ, गहिरे, चार-पाच स्वरांचे कॉर्ड्‌स. मग ज्यात कॉर्ड जवळजवळ नाहीत आणि तरी सगळे जाणकार ज्यांना डीप म्हणतात अशा तबकड्यांचं काय? अव्याप्ती. लयीवरून ठरवावं तर डीपची लय साधारण ११८ ते १२४ आणि टेक हाउसची १२४ ते १२८, पण डीजे गती बदलतो, त्यामुळे ते कुंपण कागदावरच राहतं.

मग तुमच्यापैकी जे तत्त्वज्ञान वाचतात ते म्हणतील, विटगेनस्टाइन आणा. कुलसाम्य आणा. एका घरातल्या माणसांत कुणाचं नाक कुणासारखं, कुणाची चाल कुणासारखी. सगळ्यांत समान असं एकही लक्षण नाही, तरी कुटुंब ओळखू येतं. बरोबर आहे. १९५३ साली निघालेल्या त्याच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मधला हा विचार इथे कामाला येतो. पण त्यात एक खोच आहे, तिच्याकडे मी थोड्या वेळानं येते.

तबकड्या एकमेकींवर पसरल्या की काय दिसतं ते आधी बघू. माझं म्हणणं असं आहे की उपप्रकारातला फरक 'आत काय आहे' यापेक्षा 'सोबत काय चालतं' यात जास्त स्पष्ट दिसतो.

डीप हाउस घ्या. त्याच्या मुळाशी शिकागोचा लॅरी हर्ड आहे. 'मिस्टर फिंगर्स' या नावानं त्यानं १९८६ साली 'कॅन यू फील इट' काढलं. खाली ठेका तोच, पण वर सिंथेसायझरचे लांब, संथ, थोडे उदास कॉर्ड्‌स. जॅझची सावली आहे त्यात. आता अशा दोन तबकड्या एकमेकींवर ठेवायच्या तर नुसती गती जुळून भागत नाही, सूर जुळावा लागतो. दोन निरनिराळ्या पट्टीतले कॉर्ड्‌स एकदम वाजले तर गायकाच्या मागे चुकीचा तानपुरा लागल्यासारखं होतं. म्हणून डीप हाउस वाजवणारा डीजे सुराचा विचार करून तबकड्यांची रांग लावतो. त्याचा सेट हळू सरकतो.

गराज घ्या. हे न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गराज'चं अपत्य. १९७७ ते १९८७, डीजे लॅरी लेव्हन. आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत नेवार्कच्या 'क्लब झँझिबार'मध्ये टोनी हम्फ्रीज. इथे माणसाचा गळा मध्यभागी. चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची थेट परंपरा. कडवं, ध्रुपद, पुन्हा कडवं. आता दोन गाणी एकदम वाजवता येत नाहीत. दोन माणसं एकाच वेळी बोलत असतील तर दोघांचंही ऐकू येत नाही. म्हणून गराजवाला ध्रुपद संपण्याची वाट बघतो, किंवा तबकडीच्या मागच्या बाजूला असलेली, गाणं काढून टाकलेली 'डब' आवृत्ती वापरतो. त्याचा सेट गाण्यांच्या श्वासावर चालतो.

अॅसिड घ्या. रोलँड कंपनीनं टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं होतं, एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून. ते बासगिटारसारखं काही वाजेना आणि खपेना. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटानं त्याची बटणं वाजता वाजता फिरवली आणि चिखलातून पाय काढताना येतो तसा चिकट, वळवळणारा आवाज निघाला. त्यांनी टेप 'म्युझिक बॉक्स' क्लबच्या रॉन हार्डीला दिली. हार्डीनं ती एकाच रात्रीत चार वेळा लावली. पहिल्यांदा लोक बाजूला झाले, चौथ्यांदा वेडे होऊन नाचले. १९८७ साली तीच 'अॅसिड ट्रॅक्स' म्हणून छापली गेली. ही तबकडी मधल्या पट्टीतली सगळी जागा अडवते. तिच्याबरोबर कोरडा ठेका सुखानं नांदतो, गाणं मात्र बिचकतं.

आणि टेक हाउस. हे नव्वदच्या दशकातलं लंडनचं. टेरी फ्रान्सिस, एडी रिचर्ड्‌स, मिस्टर सी या मंडळींभोवती वाढलेलं. तबकडी टेक्नोवाल्यांना मऊ वाटते आणि हाउसवाल्यांना कोरडी, मग तिला ठेवायचं कुठल्या खणात? बौद्ध तार्किक दिङ्नागाचा अपोहवाद आठवा. शब्द वस्तूचं स्वरूप सांगत नाही, तो फक्त इतरांना वगळतो. गाय म्हणजे 'जे गाय-नाही ते नव्हे'. मला अपोहवाद एरवी पुरता पटत नाही, पण टेक हाउसला तो अंगरख्यासारखा बसतो. हे नावच वगळण्यातून आलं आहे. आणि मिक्सिंगमध्ये याचा गुण असा की यात स्वर कमी, गाणं त्याहून कमी, सगळा खेळ तालवाद्यांच्या बारीक हालचालींचा. त्यामुळे हे कशावरही पसरतं. डीपवर ठेवा, टेक्नोखाली ठेवा, अॅसिडच्या शेजारी ठेवा, कुरकुर नाही. दोन दूरच्या तबकड्यांना जोडणारा चुना आहे तो. म्हणूनच सेटमध्ये तो सगळ्यांना हवा असतो. आणि म्हणूनच, हे माझं मत आहे, दोन तास नुसतं टेक हाउस ऐकलं की विटांशिवाय बांधलेल्या भिंतीपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं. (हशा) ज्यांना आवडतं त्यांनी रागावू नये.

रागावरून आठवलं. भूप आणि देशकार. दोन्हींत स्वर तेच, सा रे ग प ध. भूपात गंधार वादी, पूर्वांगात वावर, संध्याकाळचा राग. देशकारात धैवत वादी, उत्तरांगात वावर, सकाळचा राग. स्वरांची यादी केली तर दोन राग एकच. गाणारा पहिली दोन-चार वाक्यं म्हणतो आणि श्रोत्याला कळतं. वजन कुठे पडतं, कुठे थांबलं जातं, कुठून वळलं जातं यात राग आहे. हाउसच्या उपप्रकारांतही साहित्य जवळजवळ एकच, पण वजन निराळ्या जागी. डीपचं वजन कॉर्डच्या रेंगाळण्यावर, गराजचं गळ्यावर, टेक हाउसचं तालाच्या बारकाव्यावर. फक्त ही उपमा एका मर्यादेपलीकडे ताणू नका. भूप गाताना देशकार डोकावला तर आपण गवयाला नावं ठेवतो. डीजेकडून मात्र आपली अपेक्षाच अशी असते की एकात दुसरं डोकावावं.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण सीमा कुठे पडते हे बऱ्याचदा यंत्रानं ठरवलं आहे. अनेक दशकं सगळ्या क्लबांत टेक्निक्सची एसएल-१२०० ही तबकडी फिरवणारी यंत्रं होती. त्यावरची गतीची पट्टी वर-खाली आठ टक्क्यांपर्यंतच सरकते. म्हणजे १२० ची तबकडी फार तर १२९.६ पर्यंत चढेल, खाली ११०.४ पर्यंत उतरेल. या हद्दीत जे बसतं ते एकमेकांना भेटू शकतं. बाहेरचं भेटूच शकत नाही. शेजार किती मोठा, हे आठ टक्क्यांनी ठरवलं! शिवाय गती वाढली की सूरही चढतो. साधारण सहा टक्क्यांना एक अर्धस्वर. म्हणून गाण्याची तबकडी फार पळवली की गायिका चिमणीसारखी वाटू लागते.

आणि तरीही लंडनमध्ये नेमकं हेच झालं. नव्वदच्या दशकात तिथले डीजे अमेरिकन गराज पट्टी वर सरकवून वाजवू लागले. गळा चिरका होतो म्हणून गाणं काढलेल्या डब आवृत्त्यांना पसंती. लोकांना तो वेग आवडला. मग तिथल्याच पोरांनी मुळातच १३० च्या आसपास तबकड्या बनवायला घेतल्या. पुढे त्यांनी मात्रेमात्रेवरचा ठोकाही मोडला, काही मात्रा रिकाम्या सोडल्या. झालं, 'यूके गराज' जन्माला आलं. कुणी ठरवून केलं नाही. पट्टी सरकवण्याच्या सवयीतून एक उपप्रकार निघाला.

शिकागोतही तेच, उलट्या दिशेनं म्हणा. नव्वदच्या दशकात 'डान्स मेनिया' लेबलवर घेटो हाउस निघालं. जलद, उघडं-वाघडं, ठेक्यापुरतं. त्यातून ज्यूक, आणि त्यातून फुटवर्क, मिनिटाला १६० मात्रा. ढिगाऱ्याचा जुना ग्रीक पेच तुम्हाला माहीत आहे. एकेक दाणा काढत गेलं तर ढीग ढीग राहायचा कधी थांबतो? इथेही कुठल्या दिवशी हाउस संपलं हे कुणी सांगू शकणार नाही. पण १२० चं डीप आणि १६० चं फुटवर्क एकच आहे असं कुणी म्हणत नाही. सीमारेषा आखता येत नाही म्हणून दोन गावं एक होत नाहीत.

नाव देतं कोण, हाही प्रश्न आहे. हाउसला नाव नाचणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी दिलं. मायक्रोहाउसला दिलं समीक्षकानं. २००१ साली फिलिप शेरबर्न यानं 'द वायर' मासिकात. संगीत आधीच होतं, बनवणारे ते मुख्यतः नुसतं हाउस किंवा टेक्नो म्हणून बनवत होते. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण डेट्रॉइटचं. १९८८ साली तिथल्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डर्सन या मंडळींच्या रचनांचा संग्रह इंग्लंडमध्ये निघायचा होता. त्याचं नाव आधी ठरलं होतं 'द हाउस साउंड ऑफ डेट्रॉइट'. अॅटकिन्सच्या 'टेक्नो म्युझिक' या रचनेवरून शेवटी नाव बदललं आणि 'टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट' असं झालं. ते नाव बदललं नसतं तर आज टेक्नोला आपण कदाचित हाउसचा उपप्रकार म्हणून शिकलो असतो. आवाज तोच राहिला असता.

म्हणजे नावं मनमानी आहेत का? इथे ती मघाची खोच येते. १९६५ साली मॉरिस मँडलबॉम या अमेरिकन तत्त्वज्ञानं कुलसाम्याच्या कल्पनेवर एक आक्षेप घेतला. तो असा. दोन परकी माणसं हुबेहूब सारखी दिसली तरी आपण त्यांना एका कुटुंबातली म्हणत नाही. आणि दोन सख्खे भाऊ अजिबात सारखे दिसत नसले तरी ते भाऊच. म्हणजे कुटुंब नुसत्या साम्यानं बनत नाही, त्यामागे नातं असावं लागतं. जन्म असावा लागतो.

याचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी केली. दहा राग, त्यात भूपाळीही आहे, मालकंसही आहे. साधनं कोणती? रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन, आणि तेच टीबी-३०३! रागाची मींड काढायला त्यांना ते यंत्र सोयीचं वाटलं. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, कारण ती ऐकायला अॅसिड हाउससारखी आहे, आणि 'अॅसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षं आधीची. लगेच मथळे आले, अॅसिड हाउसचा जन्म मुंबईत. आपल्याला अभिमान वाटायला लावणारे. पण शिकागोच्या पोरांपर्यंत ही तबकडी पोचली होती असं मानायला आधार नाही. यंत्र एक, ठेका एक, म्हणून आवाज जुळला. हे परक्या माणसाचं दिसणं जुळल्यासारखं आहे. चरणजित सिंगांचं काम थोर आहे, आणि त्याचं नातं यमन-तोडीशी आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीशी आहे. त्याला अॅसिड हाउसचा बाप म्हणण्यात त्याचंही नातं पुसलं जातं आणि शिकागोचंही. डीजेनं मात्र खुशाल ते 'अॅसिड ट्रॅक्स'शेजारी वाजवावं. सुंदर जुळेल. सेटमध्ये कान जुळवतो. नातं आहे की नाही हे विचारण्याचं काम सेटचं नाही, ते आपलं.

आणि हे विचारलं नाही तर काय बिघडतं? २०१० नंतरच्या काही वर्षांत ऑनलाइन दुकानांच्या 'डीप हाउस' या खणात एक निराळंच संगीत भरलं. पॉपच्या वळणाचं, जाड उसळत्या बासचं, गोड गळ्याचं. त्यात वाईट काही नाही, मला त्यातलं थोडं आवडतंही. पण नाव तेच राहिल्यानं नव्या श्रोत्याला 'डीप हाउस' शोधल्यावर लॅरी हर्ड सापडेनासा झाला. कुणी म्हणेल, भाषा बदलते, शब्द सरकतात. सरकतात हो. पण इथे खणाच्या पाटीवर कुणाची तरी रोजीरोटी आहे. याच लॅरी हर्डला आणि त्याचा गायक साथीदार रॉबर्ट ओवेन्स याला आपल्या ऐंशीच्या दशकातल्या रचनांच्या पैशांसाठी २०२० साली ट्रॅक्स रेकॉर्ड्‌सविरुद्ध दावा लावावा लागला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि हक्क त्यांच्याकडे परत आले. त्या रचना जगभर गाजून तोवर साडेतीन दशकं होऊन गेली होती.

म्हणून 'सगळं हाउस एकच, नावं कशाला' असं कुणी म्हटलं की मी सावध होते. डान्स फ्लोअरवर ते वाक्य खरं आहे, तिथे नाव विचारायला कुणाला वेळ नाही. ज्या लोकांनी हे उभं केलं, ज्यांना इतरत्र दारातून परत पाठवलं जात होतं, त्यांचा पत्ता मात्र या नावांतच राहिला आहे. वखार, गराज, शिकागो, नेवार्क. वेअरहाउसच्या त्या इमारतीला शिकागो शहरानं २०२३ साली वारसा वास्तूचा दर्जा दिला. फ्रँकी नकल्स तोवर नव्हता, तो २०१४ मध्ये गेला. इमारत जपली हे चांगलंच झालं.

आता बोलणं पुरे. मी एका तरुण मित्राकडून बारा मिनिटांची मिसळ करून घेतली आहे. सुरुवात डीपची, मग टेक हाउसचा चुना, मग अॅसिड. नावं आधी सांगत नाही. वरचे आवाज तुम्हाला फसवतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. खर्ज कुणाच्या हातात आहे तेवढं धरून ठेवा, आणि तो बदलला असं वाटेल तेव्हा हात वर करा. मला बघायचं आहे किती हात एकदम वर जातात. मागचे दिवे जरा मंद करता का? नाचायचं असेल त्यांनी कडेनं नाचावं, खुर्च्या भाड्याच्या आहेत. (हशा)

(यानंतर ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)